जित्या माणसाचं नाव

(नगरमधल्या एका दवाखान्यातली खोली. संध्याकाळ. उद्या सकाळी बनुबाईंचं ऑपरेशन आहे. लेक पंकजा राहुरीच्या विद्यापीठात झाडाझुडपांवर संशोधन करते.)

बनुबाई : माझं नाव? त्या रानातल्या येलीला? आधी खोडून टाक ते!

पंकजा : आई, लोक अशा वेळी पेढे वाटतात. खर्ड्याच्या किल्ल्यामागे ती वेल तूच दाखवलीस ना मला? जगात कुणाला ठाऊक नव्हती.

बनुबाई : म्हनून माझ्या जिवावर उठलीस व्हय? जित्या मानसाचं नाव ठिवत्यात का कुनी? गोरक्षच्या पोरीला पाळन्यात तुझ्या आजीचं नाव ठिवलं, पन म्हातारी गेल्यावर. तुझ्या भावाला कळतं, अन् तू येवढी शिकलेली...

पंकजा : ते लेकराचं झालं. हे निराळं. लॅटिनमध्ये दोन शब्द जोडीनं येतात. पहिला वंशाचा, सेरोपेजिया. दुसरा सांगतो, ती कुणाची. बनुबाईए. शेवटी 'ए' लागला, की 'बनुबाईची'. म्हणजे वेलीचं नाव बनुबाई नाही. वेल तुझी, एवढंच.

बनुबाई : अन् बाप्याची असती तर?

पंकजा : तर शेपूट बदललं असतं.

बनुबाई : यमाला कळतंय व्हय तुझं शेपूट? त्याला नाव तेवढं ऐकू येतं!

पंकजा : हात किती गार पडलेत गं तुझे.

बनुबाई : भ्या वाटतंय मला, पंके. लई भ्या वाटतंय. तुझ्या आजीचं घाल की त्यात. झुंबरबाई. ती गेलेली हाय, तिला काय हुतंय आता?

पंकजा : छापणाऱ्या मासिकाला फोन केला, तर आज बदलता येईल. एकदा छापलं की मलासुद्धा नाही बदलता यायचं.

बनुबाई : मंग लाव की फोन.

पंकजा : नाही लावणार.

बनुबाई : का गं? तूच म्हनली हुतीस, अजून एक पावसाळा बघू, मंग नावाचं. आता येवढी घाई कशापायी?

पंकजा : झालं काम लवकर.

बनुबाई : काल डाक्टरनं तुला एकटीलाच आत बोलावलं. काय म्हनला त्यो?

पंकजा : सही हवी होती.

बनुबाई : सही गोरक्षनं केली. माझ्याम्होरं.

पंकजा : आई, नको ना.

बनुबाई : माझ्याकडं बघून बोल.

पंकजा : तुझ्या माघारी नाही ठेवायचं मला तुझं नाव. तू ऐकायला हवीस. पुढचं विचारू नकोस, मला नाही बोलवणार.

बनुबाई : बरं. न्हाई इचारत. डोळं पूस. नर्सबाई येतीया.

पंकजा : लावू का फोन? आजीचं घालते.

बनुबाई : ऱ्हाऊ दे. म्हन बघू एकदा, कसं म्हनायचं ते.

पंकजा : सेरोपेजिया बनुबाईए.

बनुबाई : उभ्या जन्मात तुझ्या तोंडून माझं नाव ऐकलं नव्हतं गं. तेच ऱ्हाऊ दे. अन् गोरक्षला आज डाक्टरचं काय सांगू नगं. त्याला झोप लागायची न्हाई.