मायची कर्सिव्ह सही

कर्सिव्हमधी माह्या मायचा हात कोनी धरू शकत नाही, आन त्याच्याच पायी भावाची हळद अडकली होती राजेहो!

माही पोरगी इंग्रजी शाळेतून शिकून आली. आजीले म्हणे, "कर्सिव्ह म्हंजे धावतं अक्षर. शब्द सरेपर्यंत पेन उचलाचाच नाही." मायनं वह्याच्या वह्या भरल्या. इंग्रजी सही अशी झाली, जशी रांगोळी.

हळदीच्या सकाळी आमी दागिने काढाले शेलूबाजारच्या ब्यांकेत गेलो. लॉकर घेतल्यापासून पहिल्यांदाच उघडाचं होतं. साहेब म्हणे, "मावशी, सही जुळत नाही. जुनीही इंग्रजीच आहे, पण सगळी वाकडीतिकडी."

मायनं धा वेळा वाकडी करून पाह्यली. हात आयकेच ना, दरवेळी सुंदरच ये. घरी पावणे येऊन बसलेले, फोनवर फोन.

साहेबानं इचारलं, "मावशी, जुनी सही केली कुठं होती?"

"मानोऱ्याहून येता येता, जीपमधी. घाई होती, चालत्या गाडीतच फारम भरला."

साहेब फाईल घेऊन उठलेच! म्या जीप काढली. माय मधात, साहेब कडेले. स्टँडापुढच्या मोठ्या खड्ड्यात चाक आदळलं, आन त्याच दणक्यात मायनं सही ठोकली. साहेबानं जुनीले लावून पाह्यली, हसून हसून डोळे पुसले. "जुळली!"

उतरताना माय त्याहीले म्हणे, "साहेब, सरपंचाले सांगून ठेवा, हा खड्डा बुजवू नका. माही सही त्याच्यातच हाय."