सगळं त्यात आहे!

...आणि वर मुख्याध्यापिकाबाई फोनवर काय म्हणतात, "अहो, रडताय काय, लिंक पाठवलीय ना? सगळं त्यात आहे!" सगळं त्यात आहे! तुम्हाला सांगते, शाळा बंद, मी स्वयंपाकघरात, लॅपटॉप पिठाच्या डब्यावर, आणि समोर मुलं नाहीतच... नुसते काळे चौकोन! मी विचारतेय, "समजलं का?" आणि चौकोन ढिम्म! भिंतीला विज्ञान शिकवून बघा एकदा!

त्यात माझ्या वर्गातली एक बडबडी पोर, आमची 'रेडिओ'. वर्गात मिनिटभर गप्प बसेल तर शपथ! तीच मुकी झाली हो. तिची आई फोनवर म्हणाली, "बाई, ती म्हणते, शाळाच नको."

मग उघडली ती लिंक. तर तिच्यात दुसरी लिंक, तिच्यात तिसरी, मग पासवर्ड, मग "तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा"... आता हे कसं सिद्ध करू? सासूबाई मागून, "अगं, त्या लिंकला म्हणावं, मी ओळखते हिला!" सगळं त्यात आहे म्हणे!

शेवटी सापडला शिक्षकांचा मदत कक्ष. लिहिलं, 'माझी मुलं दिसत नाहीत.' पलीकडून कुणा मास्तरांचं उत्तर, 'माझीही दिसत नव्हती. बाई, धडा राहू दे, इथलंच घरच्या प्रयोगांचं पान उघडा.' उघडलं, तर काय खजिना हो! खरंच सगळं त्यात होतं!

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "पळा, खायचा सोडा आणा, लिंबू आणा, पिळा!" आणि फस्सस्स...! एक चौकोन उजळला, "बाई, माझं बघा!" मग दुसरा, मग धडाधड सगळे! आणि कोपऱ्यात रेडिओ! नाकाला फेस, आणि तोंडाचा पट्टा सुरू, "बाई माझं उतू गेलं बाई आई ओरडतेय बाई अजून एक लिंबू पिळू?" मी म्हटलं, "पीळ गं बाई, हवी तितकी पीळ!" आणि हमसून हमसून रडले. सासूबाई म्हणतात, "अगं, हळू, तुझा माइक चालू आहे!" असू दे! कित्येक दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता!

आता तासाला एकही चौकोन काळा नसतो. उलट प्रत्येकात मुलामागे आई, आत्या, आजोबा... आणि मुलांआधी आजोबाच हात वर करतात!

गृहपाठ मात्र... तेही करत नाहीत.