गाण्यात घातलेलं नाव

माझी आयस धवलारीण, तिची आयस पण धवलारीण, म्हणजे आमच्या आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून धवले गाते, लग्न लावते, ती बाय. भटजीच्या आधी आमचा मान. आता नाय, आता डीजे असतो, पण तवा होता. आमचं गाव डोंबिवलीच्या मागच्या अंगाला, तुमी रिक्षातून आलात ना ताई, ते टॉवर बघितलेत, ती सगळी आमची भातशेती. शाळा मी चौथीपर्यंत शिकली, पण गाणं एकदा ऐकलं का पाठ, आयस बोलायची हिच्या तोंडाला कुलूप नाय, हिला नवरा कसा मिळंल. मिळाला, चांगला मिळाला, गेला पण, जाव दे.

धवल्यात नावं घालायची असतात. नवऱ्याच्या बापसाचं, मामाचं, करवलीचं, ज्याचं नाव राहिलं तो रुसून बसतो, जेवत नाय. आणि विहिणीला टोचायचं ते पण गाण्यातच, विहीण आली रिकाम्या हाती, विहीण आली जेवायच्या घाईत, असं काय काय, तोंडावर, सगळ्या मांडवासमोर. ती पण हसते, तिच्याकडची बाय उलटं गाते, आणि पंगत बसली का संपलं, कोण मनात ठेवत नाय. हे मला लहानपणापासून ठाऊक, आणि ह्यानीच माझा घात केला, काय सांगू तुमाला.

वीसेक वर्षं झाली असतील, गावात मोजणीवाले आले, मोठा रस्ता जाणार, शिवाराच्या बरोबर मधून. गावानी ठरवलं, संमतीच्या कागदावर कोणी सही करायची नाय. पुरुषांच्या सभा झाल्या, भाषणं झाली, कोण ऐकतंय, निम्मे मागं उभे राहून तंबाखू मळत. मंग आमी बायका बांधावर बसायला लागलो, मोजणीचं मशीन आलं का समोर जाऊन बसायचं. नुसतं बसून बसून कंटाळा येतो हो, ऊन किती, तर एक दिवस मी धवल्याच्या चालीवरच गायली, शिवारात उभी कोन गो, शिवारात उभी कोन, पाटलाची सून गो, देनार नाय जमीन. मंग पुढचं घर, मंग त्याच्या पुढचं. ज्या घराचं नाव आलं त्या घरची बाय दुसऱ्या दिवशी हजर, का तर गाण्यात नाव हाय. एक पुढारी होता कल्याणचा, तो बोलला मावशी, आमी सहा महिने घसा फोडला, तुमच्या गाण्यात नाव आलं का माणसाला सही करायची लाज वाटते. मी काय, फुगली. माणूस फुगतंच, खोटं कशाला बोलू.

आता हिराचं. हिरा माझी बालमैत्रीण, दोघींची लग्नं गावातल्या गावात, सुख-दुःख एक. तिचा नवरा वागळे इस्टेटला वर्कशॉपमध्ये लेथवर होता. एक दिवस बातमी आली, हिराच्या घरानी सही केली. कोणाला सांगणं नाय, विचारणं नाय. गाव पेटला. दुसऱ्या दिवशी बांधावर बायका माझ्याच तोंडाकडं बघतात, आता ही काय गाते. आणि मी गायली. हिराबायनं आयचं दूध इकलं गो, आयचं दूध इकलं. काय हसल्या बायका, काय टाळ्या. माझ्या डोक्यात काय होतं सांगू, विहिणीला टोचतात तसं टोचलं, हिरा तणतणत येईल, मला उलटं गाईल, भांडू, रडू, संपेल. ती आलीच नाय. लग्नाला पंगत असते हो, मोर्चाला कुठं पंगत असते, तो चालूच राहतो.

गाणं मोबाईलवर गेलं. पार खडवलीच्या गावांत गेलं. ठाण्याला कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला तवा शेकडो बायका रस्त्यावर बसून तीच ओळ गात होत्या, हिरा कोण, कुठली, कोणाला माहीत नाय, पण ओळ जोरात यायची म्हणून तीच परत परत. तिच्या पोरीचं, सुनीताचं, खडवलीकडंच जमलेलं, साखरपुडा झालेला. तिकडून निरोप आला, ज्या घराचं नाव असं गातात तिथली पोरगी आमाला नको. मोडलं. मंग कळलं का हिराच्या नवऱ्याची किडनी गेलेली, आठवड्यातनं तीन वेळा ठाण्याला न्यायला लागायचा, काम सुटलेलं, आणि त्यानीच हिराला शपथ घातलेली, गावात बोलू नको. तो गेला. आमी जिंकलो. रस्ता सरकला, गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतलं. मयताला मी गेली नाय. तोंड नव्हतं मला.

आणि जिंकून काय झालं, बघताय ना खिडकीतून. पाच-सहा वर्षांत बिल्डर आले, त्याच घरांनी दिली जमीन, पाटलाच्या सुनेनी दिली, माझ्या पोरांनी पण सह्या केल्या, मी अंगठा नाय, सही केली, चौथी शिकलेली ना. आमच्यावर कोणी गाणं केलं नाय. कोण करणार, करणारी मीच.

यंदा इथं कचऱ्याचं डंपिंग टाकणार म्हणतात, तर नव्या पोरी आल्या, आजी तुमचं ते गाणं हवं. मी बोलली मला जमत नाय, दम लागतो. ऐकतात कुठं. गेली. माईक दिला. मी एकेक घर घेतलं आणि ती ओळ गाळली, बरोबर गाळली, पुढं गेली, तर खालून सगळ्या पोरींनीच उचलली, हिराबायनं आयचं दूध इकलं. आणि तिसऱ्या रांगेत हिरा बसलेली. पिकलेले केस, हातात पिशवी. कचऱ्याचा वास काय तिच्या घरात येणार नाय का, ती पण आलेली, गावासाठी आलेली. ती हळूच उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि गेली. माईक माझ्या हातात, आणि माझा आवाज कोणाला ऐकूच येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेली मी तिच्याकडं. वीस वर्षांनी. दार सुनीतानी उघडलं, अंगणवाडीत हाय ती, लग्न नाय केलं. बोलली, आय पडलीय, उठवू नका. पाणी दिलं. मी बोलली, सुनीता, मी ती ओळ सोडली गं. ती बोलली, मावशी, तुमी सोडून काय होतं. ह्या नव्या पोरी मलाच विचारतात, ही हिराबाय कोण होती, मी सांगते, मला माहीत नाय. आयची लेक हाय मी आणि सांगते, माहीत नाय. रागानी नाय हो बोलली, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिनी ठेवू दिला.

आता थकली मी. गाण्यानी रस्ता सरकतो, हे मी बघितलंय, नाय कशाला म्हणू, त्या पोरी गातील, गाऊ दे, त्यांचं भलं होव दे. तुमाला एकच सांगते ताई. बोलण्याच्या भरात मी तिचं खरं नाव घेतलंय, तुमी लिहिलंय. ते खोडा, गाण्यातलं पण. तिथं दुसरं कुठलं घालू नका, दुसऱ्या कोणाला कशाला, माझंच घाला.