ताकाचा तांब्या आणि महागाचं पेट्रोल

आधी आप्पांचं नाव लिवा, मग माझं लिवा. गुंद गावचे आप्पा. सगळा जन्म सरकारी बस चालवली, आता रिटायर होऊन भातशेती बघत्यात. त्या रविवारी ते मालकाच्या अंगनात आले नसते तर मी चोर म्हनून गावाकडं गेलो आसतो, आनि चोर म्हनून हाकललेल्या ड्रायवरच्या हातात कोन किल्ली देतंय, तुम्हीच सांगा.

मी मूळचा आटपाडीकडचा. आमच्याकडं माळ, बाभळी आनि मेंढरं. शाळा सातवीत सुटली, सुटली म्हंजे मीच सोडली, आईचं दुखनं निघालं, वडील मेंढरामागं फिरनार, मग मी एका ट्रकवर क्लीनर म्हनून चढलो. ट्रक हिकडं कर्नाटकात दांडेलीला लाकूड न्यायला यायचा. तिथंच स्टेरिंग धराय शिकलो, लायसन काढलं. फुडं ट्रकमालकानं ट्रक इकला आनि मी हिकडंच ऱ्हायलो. काय सांगू तुम्हाला, जोयड्याच्या रानात पयलं वरीस मला झाडांचंच भ्या वाटायचं. आमच्याकडं कोसावरचा मानूस दिसतो, हितं धा पावलांवरची म्हैस दिसत न्हाई. अजून बी कोन हाक मारली की छातीत धस्स होतंय, वाटतं आता काय चुकलं.

नंदिगड्ड्याजवळ आमच्या मालकाचं होमस्टे हाय. सात शिटांची पेट्रोल गाडी हाय, पावन्यांना आनायचं, रान दाखवायचं, परत सोडायचं, हे माझं काम. जेवन-खान, झोपायला खोली, मालकीनबाई म्हंजे अक्का, त्या तर पोटच्यावानी वाढत्यात. खाल्ल्या मिठाला मी न्हाई म्हननार न्हाई. पन मालकाच्या डोक्यात एक किडा शिरला, ॲव्हरेजचा.

गाडी घेताना शोरूमवाल्यानं एक ॲव्हरेज सांगितलं हुतं. तेवढं काय निघंना. मग पंपावरच्या कुनीतरी सांगितलं, सायेब, प्रीमियम घाला, गाडी पळती बी आनि पेट्रोल बी कमी पिती. झालं, महागाचं सुरू. एक टाकी झाली, दुसरी झाली, ॲव्हरेज आपलं तेवढंच. आनि मग एका सकाळी पावनी नाष्टा करत बसल्याली, त्येंच्या म्होरं मालक मला म्हनाला, एवढं भारी पेट्रोल घालून बी ॲव्हरेज वाढत न्हाई म्हंजे टाकीला भोक हाय, न्हाईतर तुझ्या नियतीला. वर म्हनाला, कळ्ळ. कानडी मला तवा फारसं येत नव्हतं, पन कळ्ळ म्हंजे चोर हे कळलं. रविवारी किल्ली ठेव आनि जा म्हनाला. एक पावनी बाई तर खायाची थांबली आनि आपली पर्स मांडीवर घेतली. ते मी मरंस्तवर इसरनार न्हाई.

आवो, राग कसा येनार न्हाई? पावनी धबधब्यावर फोटू काढत ऱ्हात्यात आनि गाडी गार ऱ्हावी म्हनून अर्धा-अर्धा तास एसी चालू ठेवायला कोन सांगतं? मालक. टपावरचं लोखंडी क्यारेज बारा महिने काढू नको कोन म्हनतं? मालक. चाकात हवा भरून आनू का म्हटलं तर, आजून दिसतीया की, कोन म्हनतं? मालकच. रोज सकाळी जोयड्याला च्या प्यायला तीच गाडी घिऊन कोन जातं, आनि बाजारात गाडी चालू ठेवून गप्पा कोन ठोकतं? पन पेट्रोल पिनारा मी.

त्याच दिवशी गुंदवरनं रिकामी गाडी घिऊन येत हुतो तर रस्त्यात आप्पा उभे. हातात ताकाचा तांब्या, वर केळीचं पान. जोयड्याला भनीला द्यायचा हुता. हिकडं बस चुकली की जाती ती गाडी हात दाखवून थांबवायची, न्हाई कुनी म्हनत न्हाई. बसले. माझं डोकं भडकलेलं, पाय भडकलेला. चढाला दाबला, वळनाला ब्रेक, उताराला मालकाच्या हुकमापरमानं न्यूट्रल. तिसऱ्या वळनाला अर्धं ताक आप्पांच्या धोतरावर.

निधान, तम्मा, निधान, आप्पा म्हनले. निधान म्हंजे सावकाश, तम्मा म्हंजे धाकला भाऊ. मी गाडी बाजूला घेतली आनि सरळ रडाय लागलो, सगळं सांगितलं. आप्पांनी धोतर पिळलं आनि म्हनले, तू चोर न्हाईस. पन उधळ्या हाईस. तुझा मालक बी उधळ्या. दोन उधळ्यांच्या मधी गाडी काय करंल?

मग समजावलं. म्हनले, उताराला न्यूट्रल टाकतोस ते कुनाच्या बापानं शिकवलं? आसल्या नव्या गाडीत गेर तसाच ठेवून पाय काढला तर चाकं इंजिनाला फिरवत्यात, पेट्रोल लागत न्हाई. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला त्येला प्यावंच लागतंय, आनि वर ब्रेक तापून तू दरीत गेलास तर ॲव्हरेज कोन मोजनार? आमच्या डेपोत एकेका ड्रायवरचं डिझेल मोजत हुते, म्हनले, पायात अक्कल नसली तर बसमधी तूप घाला, काय फरक पडत न्हाई.

रविवारी आप्पा अंगनात हजर. हातात तांब्या, काठोकाठ भरलेला. मालकाला म्हनले, यजमाना, चोर म्हनायच्या आधी मापून बघ. टाकी तोंडापर्यंत भरायची, दांडेलीवरनं गुंदला जाऊन यायचं, परत त्याच पंपावर त्याच नळीनं भरायची. जेवढं मावलं तेवढं गाडीनं पिलं. आज तू चालव, तुझंच महागाचं पेट्रोल घाल. हा तांब्या तुझ्या मांडीला टेकून ठेव, ताक सांडाय नको. हा पोरगा गाडीत नको, म्हंजे चोरीचा प्रश्नच न्हाई. अक्का दारातनं म्हनाल्या, व्हय की, व्हऊन जाऊ दे.

ते दोघं गेले, मी अंगनातच बसून ऱ्हायलो. दुपारी गाडी आली. मालकाच्या पांढऱ्या लुंगीवर मांडीपासनं खालपर्यंत ताक. अक्का पदर तोंडाला लावून आत पळाल्या. आनि पेट्रोल? तेवढ्या रस्त्याला मी रोज जाळतो त्येच्यापेक्षा बी जास्त मावलं हुतं.

दुसऱ्या दिवशी तेच महागाचं पेट्रोल, तोच रस्ता, चालवनारा मी. क्यारेज उतरवलं, चाकात हवा भरली, एसी लागंल तेवढाच. मालक शेजारी, आप्पा मागं मांडीवर तांब्या घिऊन. पाय मी त्या ताकाच्या अंदाजानं दाबला, रस्त्याच्या न्हाई. ताक तांब्यातच ऱ्हायलं, आनि पेट्रोल कालच्यापेक्षा चांगलं दोन लिटर कमी मावलं. मालक म्हनतो, बघ, प्रीमियमचा गुन लागला आता! आप्पा म्हनले, काल काय टाकीत ताक हुतं व्हय? मग ती टाकी संपल्यावर साधं पेट्रोल घालून तिसरी फेरी काढली. जवळजवळ तेवढंच. अक्कांनी गाडीच्या खनातलं पुस्तक काढलं, प्लास्टिकसकट तसंच पडलं हुतं, आनि वाचून दाखवलं की ह्या इंजिनाला साधंच पेट्रोल पुरतंय. भारी पेट्रोल ज्याला लागतं ती इंजिनं येगळी.

तुम्हाला वाटंल, मालकानं माफी मागितली आसंल. छ्या! मी चालवली त्या रविवारी वारं उलटं हुतं म्हनाला, आनि किल्ली माझ्याकडं फेकली, ह्या हातात दिली न्हाई, फेकली. आता पावन्यांना सांगत आसतो, गाडी निधान चालवली की ॲव्हरेज मिळतं, हे मी शोधून काढलंय. मी आरशात बघत निधान चालवतो. पन ती पर्स मांडीवर घेनारी बाई तर गेली आपल्या गावाला, तिच्या लेखी मी चोरच. तिला कोन सांगनार?

आप्पांच्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरलाय, गाडीच्या आवाजावरनं मला वळखत्यात. शनवारी भनीचं ताक मीच पोचवतो. आईला चोरीचं मी अजून सांगितलं न्हाई, तिला झोप लागनार न्हाई. पन एक ठरवलंय. कधी ना कधी स्वताची गाडी घेईन, जुनी का आसंना, आनि आप्पांना फुडच्या शिटावर बसवून आटपाडीला नेईन. आईच्या म्होरं उभं करीन आनि मग सगळं सांगीन, आई, तुझ्या पोराचं नाव ह्या मानसानं राखलं. आप्पांच्या घरचं ताक बी संगं नेईन, तांब्या काठोकाठ भरून. एवढ्या लांब जाईस्तवर आंबंल ते. आंबू दे. सांडू देनार न्हाई.