पहारीला बादलीभर पाणी

मी, अनंत दत्तात्रय बेलसरे, वय ६४ वर्षे, धंदा : सेवानिवृत्त (चाकणच्या एका कंपनीत एकतीस वर्षे इलेक्ट्रिकल मेंटेनन्स), रा. वाकड, आज दि. १८ मे रोजी सकाळी सव्वाअकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी वासंती, वय ६० वर्षे, हिच्यासह राहतो. मुलगी निवेदिता व जावई सलिल त्याच सोसायटीत राहतात. वासंती कालपासून दवाखान्यात अतिदक्षता विभागात आहे, शुद्धीवर नाही. निवेदिता तिथे आहे. तिचा फोन कधीही येईल म्हणून माझा मोबाइल टेबलावर समोर ठेवू द्यावा, अशी मी विनंती केली व ती साहेबांनी मान्य केली.

आमच्या लग्नाला छत्तीस वर्षे झाली म्हणून सलिलने आम्हाला दोन दिवसांसाठी कॅरव्हॅन, म्हणजे आत पलंग, ओटा, एसी असलेली गाडी, भाड्याने घेऊन दिली. काल सकाळी अकरा वाजता आम्ही निघोजे येथील कॅरव्हॅन पार्कमध्ये पोहोचलो. तिथे प्रत्येक गाडीसाठी एक खांब व त्यावर विजेचा सॉकेट आहे. गाडीची केबल त्यात लावायची असते.

केबल लावण्याआधी मी बल्ब लावून अर्थिंग तपासले. बल्ब जेमतेम लाल झाला. म्हणजे अर्थिंग नावापुरते होते. गाडीच्या पत्र्यात करंट उतरला तर तो जमिनीत न जाता हात लावणाऱ्याला बसला असता. पार्कचे मालक उद्धवराव (पूर्ण नाव माहीत नाही) यांना बोलावून दाखवले असता ते म्हणाले, "काका, दोन वर्सं पार्क चालू हाय, कुणाला काय झालं न्हाई. तुमी निवांत ऱ्हावा."

तिथूनच परत फिरायला हवे होते. पण माझे हात शिवशिवत होते. उद्धवरावांकडून एक पहार मागून घेतली, गाडीपासून चार फुटांवर जमिनीत ठोकली, गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून तिला तांब्याची वायर बांधली आणि मिठाचे पाणी ओतले. बल्ब लख्ख लागला. वासंती दारातून म्हणाली, "अहो, आपण सुट्टीवर आलोय की कंपनीच्या शटडाउनला, दुरुस्तीला?" मला तेव्हा फार बरे वाटले होते, हे खरे सांगतो.

सायंकाळी पाचच्या सुमारास आभाळ भरून आले. पाऊस नव्हता, नुसते गडगडत होते. दिवसभराच्या उन्हाने पहारीभोवतीची माती सुकली होती, म्हणजे अर्थिंग पुन्हा कमजोर झाले होते. पाच वाजून दहा मिनिटांनी वासंती गाडीबाहेर गेली. लगेच शेजारच्या बाभळीवर वीज पडली. मी बाहेर आलो तेव्हा ती पहारीजवळ पडलेली होती. लोक "हात लावू नका, करंट लागंल" असे ओरडत होते. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, हे मला माहीत असल्याने मी तिच्या छातीवर दाब देत राहिलो. काही वेळाने श्वास सुरू झाला. किती वेळाने, ते सांगता येणार नाही. घड्याळ मनगटावर होते, मी पाहिले नाही.

सदर पार्कमध्ये धड अर्थिंग नाही, वीज झेलून जमिनीत सोडणारा लायटनिंग अरेस्टर नाही, गडगडू लागल्यावर काय करावे याची साधी पाटी नाही. त्याबाबत उद्धवराव यांच्याविरुद्ध माझी तक्रार आहे.

पत्नी बाहेर कशासाठी गेली, असे विचारले असता मी "सांगता येणार नाही" असे उत्तर दिले.

११.५० वाजता निवेदिताचा फोन आला. वासंती शुद्धीवर आली आहे. काय झाले होते, असे डॉक्टरांनी विचारल्यावर ती म्हणाली, "वाळत घातलेले कपडे काढायला गेले होते." निवेदिता रडत होती. मी फोनवरचे सांगितल्यावर जबाब लिहिणाऱ्या हवालदारांनी तसे लिहून घेतले व वाचून दाखवले. मी सहीसाठी पेन उचलले आणि खाली ठेवले.

आम्ही एकही कपडा वाळत घातला नव्हता. शुद्धीवर येताच तिने पहिले काम मला वाचवण्याचे केले.

खरे असे की, मी तिला म्हणालो, "वासंती, पहारीला बादलीभर पाणी घाल. अर्थिंग ओलं राहू दे." ती म्हणाली, "आत्ता? अहो, गडगडतंय." मी म्हणालो, "म्हणूनच." ती बादली घेऊन गेली. बादली निळी आहे, तिथेच पडली असेल, ती पंचनाम्यात घ्यावी. गडगडू लागले की अर्थिंगजवळ जायचे नाही, अशी पाटी कंपनीत मीच लावून घेतली होती. स्वतः का गेला नाहीत, असे विचारले असता सांगतो की, माझ्या हातात चहा होता.

उद्धवरावांविरुद्धची तक्रार कायम आहे. त्यांचे त्यांच्याकडे, माझे माझ्याकडे.

हा जबाब मला पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. कपड्यांची ओळ माझ्या सांगण्यावरून खोडली असून खोडलेल्या जागी सही माझी आहे.