संपलेला माल

(नाशिकचा सरकारी दवाखाना. जळीत वॉर्डाबाहेरचा बाक. दुपार.)

मनोज : हिरामण राबात भाजला म्हणायचं, काका. एवढंच. हवालदार जास्त खोलात जाणार नाही.

देवराम : राबात?

मनोज : हो. एप्रिल चालू आहे. आपल्या हरसूलकडं सगळ्या पाड्यांवर राब भाजणं चाललंय. कोणाला खोटं वाटणार नाही.

देवराम : राबात माणूस कसा भाजंल रं? भाताच्या रोपासाठी वाफ्यात शेण-पाला पसरायचा, वर माती टाकायची. तो पेटत नाय, नुसता धुमसतो. तुझ्या आज्यानं जन्मभर राब भाजला. त्याच्या पायाला कधी फोड तरी आला का?

मनोज : ते आपल्याला माहीत. हवालदार विंचूरकडचा आहे. कांद्यातला माणूस, त्याला राब काय माहीत?

देवराम : डॉक्टरला तर माहीत हाय. सकाळी चिमट्यानं हिरामणच्या पाठीतून काळे गोळे काढत होता. मी दारातून बघितलं. मला म्हणाला, बाबा, हे प्लास्टिक हाय. राबात प्लास्टिक कुठून आलं?

मनोज : जुन्या ताडपत्रीचा तुकडा घेतला होता पेटवायला, असं सांगायचं. हल्ली सगळेच घेतात.

देवराम : सारं ठरवूनच आलास की.

मनोज : रागवा माझ्यावर, पण आधी ऐका. खाली गाडी उभी आहे, ऑक्सिजनची. कारखान्याच्या साहेबांनी खाजगी दवाखान्यात खाट धरून ठेवलीय. डॉक्टर तुमच्यासमोरच म्हणाले ना, इथं सोय नाही, आजच हलवा?

देवराम : म्हणाले.

मनोज : मग? जबाब झाला की गाडी हलते.

देवराम : आणि खरा जबाब दिला तर?

मनोज : तर गाडी रिकामी जाईल, काका.

देवराम : अरे, पण लपवता काय? काल संध्याकाळी त्या धुरानं रस्ता बंद झाला होता. शेडमागचा आख्खा ढीग पेटला.

मनोज : तो ढीग नव्हताच.

देवराम : नव्हता? दिवाळीपासून माझा पोरगा नि सून त्याच ढिगात बसून माल निवडत होती ना? तूच घेऊन आलास त्यांना.

मनोज : कसं सांगू... बिस्किटवाले, शाम्पूवाले, वेफरवाले, हे सगळे पुड्यांत माल विकतात. सरकार म्हणतं, तुमच्या पुड्यांचा कचरा ही तुमची जबाबदारी. तो परत घ्या, वितळवा, आणि दर वर्षी हिशेब द्या. ते कुठं रस्त्यावर वेचायला येतात? ते आमच्यासारख्या कारखान्याकडून दाखला घेतात, की तुमच्या वाट्याचा कचरा आम्ही वितळवला, त्याचा नव्या प्लास्टिकसाठी दाणा केला. दाखला मिळाला की ते मोकळे.

देवराम : बरं मग?

मनोज : त्या चकचकीत पुड्या आमच्या मशीनला चालत नाहीत. नीट वितळतच नाहीत. त्या मागं पडत गेल्या आणि ढीग झाला. पण मार्चअखेर मी कॉम्प्युटरवर भरलं, सगळ्याचा दाणा झाला. शिल्लक निरंक.

देवराम : निरंक म्हणजे?

मनोज : काहीच नाही.

देवराम : तू भरलंस.

मनोज : साहेब पाठीमागं उभे होते. पण बोटं माझी.

देवराम : मग पडू द्यायचा तसाच. कॉम्प्युटरवर नाय म्हटल्यावर पेटवला कशाला?

मनोज : डोळ्यांना दिसतो ना. आज तपासणीवाले येणार होते. साहेब म्हणाले, ते यायच्या आत साफ करा. तर मी म्हणालो...

देवराम : काय म्हणालास?

मनोज : म्हणालो, आमच्याकडची माणसं राब भाजतात, त्यांना आग कळते. हिरामणला सांगतो.

देवराम : म्हणजे त्याचं नाव तूच दिलंस.

मनोज : काका, शिव्या द्या मला.

देवराम : कळतेच त्याला आग. पण ही आग वितळून वरून अंगावर गळते, हे त्याला कोण सांगणार होतं?

मनोज : वहिनी आल्या बघा बाहेर. वहिनी, काय म्हणतात डॉक्टर?

ललिता : नळी घातली तोंडात. बोलता येत नाय त्यांना, नुसते डोळे फिरवतात. हवालदार बसलाय. घरातलं मोठं माणूस पाठवा म्हणतो. तुम्ही मामांना काय पढवताय, भाऊजी?

मनोज : वहिनी, हळू.

ललिता : का हळू? मी होते तिथं. पाण्याचा पाइप कुठं होता, सांगा. टाकीत थेंब नव्हता. मी लुगड्यानं विझवायला गेले, तर लुगडं त्यांच्या पाठीला चिकटलं. मी हे सारं सांगणार हाय.

देवराम : सांग. मग गाडीचं काय करायचं?

ललिता : कसली गाडी?

देवराम : हिरामणला न्यायची. खाली उभी हाय. खोटं बोललो तर नेणार.

ललिता : असं म्हणाले हे? भाऊजी, तुम्ही आमच्या घरात जेवलात.

मनोज : गाडी माझी असती तर कधीच हलवली असती. वहिनी, तो माल तिथं होता असं एकदा पोलिसांनी लिहिलं, की सगळे दाखले खोटे ठरतात. साहेब हात वर करतील, मी आत जाईन. जातो मी आत. पण हिरामणची खाट कोण धरून ठेवणार?

ललिता : दुसऱ्या शेडमध्ये तसलाच माल हाय. पत्र्यापर्यंत. माझी बहीण बसते निवडायला. तोही संपलाय का तुमच्या कॉम्प्युटरवर?

मनोज : वहिनी, आत्ता तो विषय...

ललिता : संपलाय का?

मनोज : संपलाय.

ललिता : मग ती बसलीय कशावर?

देवराम : ललिता, फोन लाव तिला. आजच घरी जा म्हणावं.

ललिता : तिला लावते. बाकीच्या बायांना कोण लावणार?

देवराम : मला आत्ता त्या खाटेपलीकडं काही दिसत नाय गं. पोरगा जगू दे. खरं काय ते मागून सांगू.

ललिता : एकदा लिहून दिल्यावर मागून कोण ऐकतंय, मामा?

देवराम : कोणी नाय. ते कळतंय मला.

मनोज : चला काका. नाव, गाव, आणि राबात भाजला. बास.

ललिता : बास नाय. यांच्या साहेबांचा माणूस हवालदाराच्या कानात राबाचं आधीच सांगून गेलाय. त्यानं मला लगेच विचारलं, राब पेटवला कोणी? म्हणतो, तेही लिहावं लागतं.

मनोज : तुम्ही काय म्हणालात?

ललिता : उठून सरळ बाहेर आले.

मनोज : मग... हिरामणनंच पेटवला म्हणू.

ललिता : म्हणजे त्यांनी स्वतःला पेटवून घेतलं, असं लिहितील. आणि मला विचारतील, घरात भांडण होतं का.

देवराम : हिरामणचं नाव नको. त्याच्या अंगावर हाय तेवढं पुरे.

मनोज : मग कोणाचं घ्यायचं?

देवराम : आमच्या घरात राब मीच पेटवतो. कोणालाही विचार, सारा पाडा हेच सांगेल.

ललिता : मामा! केस होईल तुमच्यावर. बापानं पोराला जाळलं म्हणतील.

देवराम : म्हणू दे.

मनोज : काका, थांबा. असं नव्हतं मनात माझ्या. मी साहेबांना विचारतो, दुसरं काही...

देवराम : तू खाली जा, मनोज. गाडी चालू करून ठेव म्हणावं. ललिता, हवालदार कुठं बसलाय?

ललिता : त्यांच्या खाटेशेजारीच. स्टूल घेऊन.

देवराम : हिरामणला ऐकू येतं?

ललिता : येतं.

देवराम : मग जरा हळूच सांगतो.