गेर्डाचा दसरा

ज्ञानदा : “दसऱ्याला यंत्राला राबवायचं न्हाई, ज्ञाने. पुसायचं, फूल ठिवायचं, आन् म्हणायचं, वरीसभर हात राखलास, आता एक दिस बस निवांत.” आईचे शब्द आहेत हे, हेर श्मित्स. जर्मनमध्ये तेवढे गोड लागत नाहीत, पण अर्थ तोच. म्हणून म्हटलं, उद्याच्या ऐवजी…

(आखनच्या विद्यापीठातली कार्यशाळा, दुपार कलताना. श्मित्स इथले मास्टर, म्हणजे मुख्य कारागीर. ज्ञानदा आणि सत्यजित पीएच.डी. करणारे. श्मित्सशी बोलणं जर्मनमधलं, दोघांचं आपापसांतलं मराठी. जर्मनमध्ये ‘हेर’ म्हणजे श्रीयुत, ‘फ्राउ’ म्हणजे बाई.)

श्मित्स : नाइन. नाही.

ज्ञानदा : मी अजून विचारलंच नाही.

श्मित्स : तुम्ही ‘ऐवजी’ म्हणालात. या कार्यशाळेत ‘ऐवजी’ने सुरू झालेलं एकही वाक्य चांगलं संपलेलं नाही. उद्या गेर्डा तुमच्या नावावर आहे, फ्राउ झालुंके. प्लान म्हणजे प्लान.

ज्ञानदा : साळुंखे.

श्मित्स : तेच म्हणालो. झालुंके.

सत्यजित : ज्ञानदा, जाऊ दे. धातूच्या पट्ट्या ओढून तोडणाऱ्या मशीनला गेर्डा म्हणणारा माणूस आता तुला अंधश्रद्धाळू म्हणणार. तयारीत राहा.

ज्ञानदा : त्यांनी नाव ठेवलं, तू नावं ठेवू नकोस.

श्मित्स : पुन्हा तुमची भाषा. काय म्हणाला तो?

ज्ञानदा : ते… मला नाही सांगता येणार.

श्मित्स : म्हणजे माझ्याबद्दलच.

ज्ञानदा : हो.

सत्यजित : अगं! ‘काही नाही’ म्हणायचं ना सरळ!

ज्ञानदा : नवरात्रभर खोटं न बोलण्याचा नेम आहे माझा. उद्या दसऱ्याला संपतो.

सत्यजित : म्हणून आठवडाभर प्रोफेसरांचा फोन घेत नाहीयेस होय!

ज्ञानदा : हेर श्मित्स, तुमचा एक दिवसच हवाय मला. गेर्डाला उद्या सुट्टी द्या आणि मला दुसरा कुठलाही दिवस.

श्मित्स : दुसरा दिवस नाताळानंतर. तोवर प्लान भरलेला आहे. आणि तुमचा करार?

ज्ञानदा : डिसेंबरात संपतो. पट्ट्या तुटल्या, आकडे मिळाले, तरच वाढेल. नाहीतर मिरजेला परत.

श्मित्स : आल्झो! म्हणजे एका फुलासाठी तुम्ही नोकरी घालवणार.

सत्यजित : शिवाय तिने सोडला तर उद्याचा स्लॉट मला मिळतो. मी नियम वाचलेत. तू खुशाल पूजा कर ज्ञानदा, मी बाजूला पट्ट्या तोडत बसतो. तुझी पूजा, माझे आकडे. दोघांचाही दसरा.

ज्ञानदा : तू राबवलंस तर तिला विसावा कुठला?

सत्यजित : मग तूच घे ना! हात जोडून बटण दाब. देव समजून घेईल, तो इंजिनिअर नाही.

श्मित्स : हे जर्मनमध्ये बोललात ते बरं केलंत. देवाबद्दल माझं मत ऐका. मी चर्च सोडलं. इथे देव सोडायलासुद्धा कोर्टात टेर्मिन घ्यावा लागतो, माहितीये? वेळ ठरवून गेलो, ओळखपत्र दाखवलं, फी भरली. समोरच्या बाईंनी विचारलं, “नक्की ना?” मी म्हटलं, गेनाऊ. तेव्हापासून चर्चचा कर वाचतो आणि घंटा मात्र पूर्वीसारखी फुकट ऐकू येते.

ज्ञानदा : घंटा आवडते तुम्हाला?

श्मित्स : कार्यशाळेचं घड्याळ मी तिच्यावरच लावतो. मुद्दा तो नाही. मुद्दा हा की यंत्राला आत्मा नसतो. त्याला मोटर असते, तेल असतं, आणि अलीकडे दुर्दैवाने सॉफ्टवेअर असतं. खरा अंधविश्वास बघायचाय? ते अपडेट! कुणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, कुणाला ठाऊक नाही. स्क्रीनवर विचारतात, मान्य आहे का? आणि अख्खी युरोपियन सभ्यता मान खाली घालून म्हणते, मान्य! न वाचता! तुमच्या पुजाऱ्यालासुद्धा एवढं आज्ञाधारक गिऱ्हाईक मिळत नसेल.

सत्यजित : हे मात्र पटलं.

श्मित्स : तुम्हाला कोण विचारतंय? तुम्ही परवा माझ्या ड्रिलजवळ मोबाइल चार्जिंगला लावलात. समाज बुडतो तो असा. विज्ञान म्हणजे तीनदा मोजायचं आणि तीनदा वेगळं आलं तर लाज न बाळगता तसं लिहायचं. बाकी सगळा कार्निव्हल.

ज्ञानदा : कार्निव्हलला तुम्ही सुट्टी घेता.

श्मित्स : ते वेगळं.

ज्ञानदा : फेब्रुवारीत कार्निव्हलच्या प्रथेप्रमाणे ऑफिसातल्या बायका पुरुषांचे टाय कापायला कात्री घेऊन आल्या, तर तुम्ही मुद्दाम जुना टाय घालून आला होतात, कापून घ्यायला. मग सोमवारी गेर्डा बंद होती. मी विचारलं होतं, चालू करू का? तुम्ही रागावलात.

श्मित्स : रोझेनमोंटागला, कार्निव्हलच्या सोमवारी, आखनमध्ये कुणी काम करत नाही.

ज्ञानदा : का?

श्मित्स : करत नाही म्हणून.

ज्ञानदा : कायद्यात आहे?

श्मित्स : कायद्यात नाही. करत नाही म्हणजे करत नाही. एवढं काय विचारायचं त्यात?

ज्ञानदा : आईसुद्धा अगदी याच चालीत म्हणते.

सत्यजित : एक शून्य!

श्मित्स : आणि रविवारी ड्रिल का नाही लावायचं, तेही विचाराल आता. ते शांततेसाठी आहे. शेजाऱ्यांसाठी. देवासाठी नव्हे.

ज्ञानदा : मूळचंही नव्हे?

श्मित्स : …मूळचं देवासाठी. आता शेजाऱ्यांसाठी. देवापेक्षा शेजारी कडक असतात.

सत्यजित : दोन शून्य. सर, तुम्ही तिच्याशी वाद घालू नका. ती हळू बोलते, पण हलत नाही.

श्मित्स : तुमच्या आई कुठलं यंत्र चालवतात?

ज्ञानदा : मिरची कांडप. घरालाच लागून आहे. वरून लोखंडी मुसळं पडतात, खाली मिरची कुटली जाते. सगळ्या गल्लीला शिंका येतात, पण तिखट आमच्याकडचंच न्यायचं. लहानपणी एका दसऱ्याला कुणाच्या तरी लग्नाचा मसाला अडला होता. ती माणसं दारातच बसून राहिली. आईने फूल काढून ठेवलं आणि यंत्र सुरू केलं. दिवसभराच्या सणाच्या कामाने दमलेली होती. मिरची सारायला हात घातला…

श्मित्स : किती गेलं?

ज्ञानदा : करंगळीचं वरचं पेर. लग्न वेळेवर लागलं.

श्मित्स : फ्राउ झालुंके, वाईट वाटलं. मनापासून सांगतो. पण त्या यंत्राला गार्ड, म्हणजे हात आत जाऊ न देणारं झाकण, नव्हतं. हा धर्माचा प्रश्न नाही. गार्डचा प्रश्न आहे.

ज्ञानदा : गार्ड बसवलं ना आम्ही. त्याच महिन्यात बसवलं. आणि फूलही ठेवतो. गार्ड बोट वाचवतं. फूल काय करतं, तर वर्षातून एकदा तरी त्या यंत्राकडे नीट बघायला लावतं. आई म्हणाली, “तिकडं मोठमोठी यंत्रं असतील. दसऱ्याला बसव त्यास्नी, मला शबूद दे.” मी विमानतळावर हात हातात घेऊन शब्द दिला. तोच हात होता.

सत्यजित : ए, असं नको ना बोलूस. मला आता तो स्लॉट घेववणार नाही.

श्मित्स : काय म्हणाला?

ज्ञानदा : स्लॉट नको म्हणाला.

सत्यजित : ‘घेववणार नाही’ म्हणालो! दोन्हींत फरक आहे!

श्मित्स : हं. आल्झो. ऐका. उद्या सकाळी मी येतो, गेर्डाच्या पोटाला कान लावतो, आणि जाहीर करतो की आवाज येतोय. एक दिवस बंद. माझ्या कानाला या इमारतीत कुणी आव्हान देत नाही.

ज्ञानदा : येतोय का आवाज?

श्मित्स : अजिबात नाही. तिचं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं.

ज्ञानदा : मग नको.

श्मित्स : काय नको?

ज्ञानदा : खोटं. माझ्या नेमासाठी तुम्ही खोटं बोलायचं म्हणजे नेम मोडलाच की. आणि तेही गेर्डाच्या तब्येतीबद्दल. वाईट बोललेलं लागतं.

श्मित्स : माझ्या हयातीत मी पहिल्यांदा खोटं बोलायला तयार झालो, आणि नास्तिक मी आहे, आणि ही मला अडवते आहे!

सत्यजित : सांगितलं होतं. हलत नाही.

ज्ञानदा : राहू द्या, हेर श्मित्स. मी तुम्हाला उगाच भरीला घातलं. उद्याचा स्लॉट सत्यजितला द्या. मी संध्याकाळी आईला फोन करून सांगते, नाही जमलं. आता निदान पुसून तरी घेते तिला. फडकं आहे का एखादं? मऊ?

श्मित्स : दुसऱ्या कप्प्यात. निळं नव्हे, पांढरं. निळं लेथचं.

ज्ञानदा : हा टिळा आधीपासून आहे का हिला?

श्मित्स : कुठला टिळा?

ज्ञानदा : हा काय, दोन्ही खांबांच्या मधोमध. गोल, केशरी.

श्मित्स : टिळा नाही तो! प्लाकेट आहे. तपासणीचं. यंत्र सुरक्षित आहे अशी खूण. या देशात चहाच्या किटलीलासुद्धा असते.

ज्ञानदा : दर वर्षी लावता?

श्मित्स : दर वर्षी. जुनं काढून नवं.

ज्ञानदा : आधी पुसून?

श्मित्स : अर्थात पुसून. पुसून, तेल घालून, एकेक बोल्ट हाताने बघून. मळक्या यंत्राला प्लाकेट लावणारा मास्टर नव्हे.

ज्ञानदा : आणि त्या दिवशी यंत्र…

श्मित्स : बंद! तपासणीच्या दिवशी यंत्राला कुणी हात लावायचा नाही. प्रोफेसर आले तरी नाही. त्या दिवशी ती फक्त…

सत्यजित : फक्त काय?

श्मित्स : काही नाही.

सत्यजित : सर, टिळा लावल्यावर तुम्ही तिला दोनदा टकटक करता. मी पाहिलंय. आणि ‘ना, मेडशेन’ म्हणता. ज्ञानदा, म्हणजे ‘काय गं पोरी’.

श्मित्स : ठोकल्यावर ढिला स्क्रू ऐकू येतो. शास्त्रीय कारण आहे.

ज्ञानदा : आणि ‘पोरी’चं?

श्मित्स : …फ्राउ झालुंके, त्या प्लाकेटवर महिना कुठला आहे?

ज्ञानदा : दहावा. ऑक्टोबर.

श्मित्स : आणि आजपासून?

सत्यजित : ऑक्टोबर लागला.

श्मित्स : गेनाऊ. तपासणी ऑक्टोबरात करायची. मी ती नेहमी महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी करतो. पण शेवटचाच गुरुवार हवा असं कुठेही म्हटलेलं नाही. मी स्वतः शोधलंय, अगदी आत्ता, डोक्यात. पहिल्या गुरुवारी केली तरी नियमात बसते. उद्या गुरुवार आहे.

ज्ञानदा : म्हणजे उद्या तपासणी?

श्मित्स : उद्या तपासणी. खरीखुरी. गेर्डा बंद. शेवटचा गुरुवार रिकामा, तो तुमचा. तुमचे आकडे डिसेंबरच्या आत. कुणीही कुणाशीही खोटं बोललेलं नाही.

सत्यजित : आणि प्रोफेसर?

श्मित्स : प्रोफेसर प्लान बघत नाहीत. प्रोफेसर मला बघतात.

ज्ञानदा : पण तुम्हीच म्हणालात, प्लान म्हणजे…

श्मित्स : मला माहितीये मी काय म्हणालो! आभार मानू नका, मला ते सुधरत नाही. आता अटी ऐका. दिवा नाही. उदबत्ती नाही, वर धुराचा अलार्म आहे आणि अग्निशामक दल विनोद समजून घेत नाही. हळद, कुंकू, जी काय पावडर असेल ती, नाही. सेन्सरवर कण गेला तर तीन महिने मोजमापात दिसतो.

ज्ञानदा : कुंकवाचं बोटही नको. टिळा तुम्ही लावणारच आहात.

श्मित्स : प्लाकेट!

ज्ञानदा : प्लाकेट. नारळ?

श्मित्स : तो कशाला?

सत्यजित : फोडायला, सर. यंत्रासमोर. आपटून.

श्मित्स : नारळ फोडायचाच असेल तर गेर्डाच्या योग्य जबड्यांत धरून, ठरलेल्या वेगाने, चष्मा लावून फोडा. आकडा तरी मिळेल.

ज्ञानदा : नको, नारळ घरी फोडीन. एक फूल पुरे. तेही तुम्ही म्हणाल तिथे.

श्मित्स : गार्डवर. गार्डवर चालेल. कुठलं फूल लागतं?

ज्ञानदा : झेंडू. पण इथे दुकानात आत्ता कुठला मिळायला? मी गुलाबच…

श्मित्स : केशरी? भरगच्च? पानं चुरगाळली की उग्र वास?

ज्ञानदा : तोच!

श्मित्स : तागेटेस. माझ्या बागेत टोमॅटोच्या कडेने अख्खी रांग आहे. देवासाठी नाही हां, मुळांना कीड लागू नये म्हणून.

सत्यजित : आमच्याकडे दाराला तोरण करतात त्यांचं. घराला कीड लागू नये म्हणून.

ज्ञानदा : सत्यजित!

सत्यजित : काय चुकीचं बोललो? बरं, मीही येतो उद्या. स्लॉट गेलाच आहे, निदान प्रसाद तरी मिळू दे. तुझी आई पाठवते ते लाडू आहेत ना?

ज्ञानदा : आहेत. हेर श्मित्स, तुम्हालाही.

श्मित्स : यंत्राजवळ खाणं नाही. बाहेर बाकावर. फूल मी आणतो. शब्द दिला.

ज्ञानदा : मग उद्या सकाळी येताना आणाल?

श्मित्स : नाही, आत्ता जातो. बस आहे.

सत्यजित : आत्ता? बाग गावाबाहेर आहे ना तुमची? सकाळी ताजी मिळतील की.

श्मित्स : सकाळी मी इथे सगळ्यांच्या आधी हजर असतो. तेव्हा बाहेर काळोख असतो. आत्ता निघालो तर उजेड असेपर्यंत पोचेन. अंधारात फूल तोडायचं नाही, आजी म्हणायची माझी.

ज्ञानदा : का हो?

श्मित्स : तोडायचं नाही म्हणजे नाही. जाताना दिवे मालवा. आणि पांढरं फडकं, निळं नव्हे.